ब्रह्मगिरीच्या धारेवर : पाणी कुणीकडे जाते?

गेल्या ऑक्टोबरात नाशिकच्या एका शाळेतील नववीची बत्तीस मुले, त्यांचे तीन शिक्षक आणि मी असे ब्रह्मगिरीवर गेलो होतो. माथ्यावर पश्चिमेच्या कड्यापासून थोड्या अंतरावर आम्ही न्याहारीला बसलो. न्याहारी झाल्यावर एका मुलीने डबा विसळून पाणी फेकले. थोडा वेळ त्या ओल्या डागाकडे पाहून तिने विचारले, "सर, हे पाणी आता कोणत्या समुद्रात जाणार?"

मी लगेच उत्तर दिले, "या बाजूला फेकलेस म्हणून अरबी समुद्रात. पलीकडच्या बाजूला फेकले असतेस तर बंगालच्या उपसागरात." मुले खूश झाली. चारपाच जणांनी उरलेल्या बाटल्या दोन्हीकडे रिकाम्या करून दोन्ही समुद्रांना पाणी पाठवले. (परतीच्या वाटेवर त्यांनाच तहान लागली, हे सांगायला नकोच.)

हे उत्तर टाळ्या मिळवणारे होते. पण ते अर्धवटच नव्हे, तर तीन ठिकाणी चुकीचेही होते, हे माझ्या लक्षात उतरताना आले. त्या चुका दुरुस्त करणे हाच या लेखाचा उद्देश आहे. डोंगराची धार म्हणजे काय, ती कशी बनते, तिच्यावर पडलेल्या पाण्याचे काय होते, हे सारे त्या एका प्रश्नाच्या पोटात आहे. आणि तो प्रश्न विचारण्यासाठी ब्रह्मगिरीसारखी जागा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

आधी डोंगराची ओळख करून घेऊ. नाशिकपासून सुमारे २८ कि.मी. वर त्र्यंबकेश्वर आहे आणि त्याच्या पाठीशी ब्रह्मगिरी उभा आहे. त्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,२९५ मीटर. तो एकच एक सुळका नाही. त्याच्या माथ्यावरील पाच शिखरांना शंकराच्या पाच मुखांवरून सद्योजात, वामदेव, अघोर, तत्पुरुष आणि ईशान अशी नावे आहेत. ही शिखरे एका लांबट धारेने जोडलेली असून एका दिवसात ती धार सावकाश फिरता येते. उत्तरेला दुर्गभांडार नावाचा डोंगराचा तुकडा एका चिंचोळ्या कातळी पुलाने मुख्य डोंगराला जोडलेला आहे. पूर्वेला अंजनेरी, पश्चिमेला हरिहर आणि त्यापलीकडे भास्करगड दिसतो. हवा स्वच्छ असेल तर दक्षिण-आग्नेयेला सुमारे ४० कि.मी. वरचे कळसूबाई, म्हणजे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर (१,६४६ मी.), ओळखू येते.

चढाईचे गणित

निघण्यापूर्वी मुलांकडून एक अंदाज करून घेतला. १८९२ मध्ये विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक सोपा नियम दिला. सपाटीवर दर ५ कि.मी.ला एक तास धरावा आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास मिळवावा. त्र्यंबक गावापासून माथ्यापर्यंत चालण्याचे अंतर चार कि.मी. आणि चढ ५७५ मी. धरला, तर पाऊण तास अधिक सुमारे एक तास, म्हणजे पावणेदोन तास होतात. आम्हांला अडीच तास लागले. नेस्मिथच्या नियमात वानरे धरलेली नाहीत. ब्रह्मगिरीच्या पायऱ्यांवर ती हमखास भेटतात आणि पिशवीतली भाकरी त्यांना माणसापेक्षा आधी सापडते.

मोबाइल फोनमध्ये हल्ली पुष्कळदा वायुभारमापक बसवलेला असतो. त्याचा उपयोग फारच थोडे लोक करतात. त्र्यंबक गावात (सुमारे ७२० मी.) वायुभार ९३० मिलिबारच्या आसपास असतो आणि माथ्यावर तो ८६७ च्या आसपास उतरतो. म्हणजे या उंचीवर दर ९ मीटर चढल्यावर साधारण एक मिलिबार कमी होतो. मुलांनी चढताना दर दहा मिनिटांनी नोंद घेतली आणि घरी जाऊन आलेख काढला. पायऱ्यांचा चढ, मधली सपाटी आणि शेवटचा कातळातला चढ असे तिन्ही भाग त्या आलेखात स्पष्ट दिसले. १६४८ मध्ये पास्कालच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पेरिए पाऱ्याची नळी घेऊन फ्रान्समधील प्युई द डोम हा डोंगर चढला. वर पाऱ्याचा स्तंभ सुमारे ८ सें.मी.ने खाली आला आणि हवेला वजन आहे हे निश्चित झाले. तो डोंगरही ज्वालामुखीचाच आहे. आमच्या मुलांनी तोच प्रयोग खिशातल्या यंत्राने केला इतकेच.

धार कशी घडली?

ब्रह्मगिरी चढताना डोंगर जिन्यासारखा वाटतो. उभा कडा, मग थोडी सपाटी, पुन्हा कडा. हा जिना नुसता भास नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारताच्या पश्चिम भागात जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा वाहिला. एकावर एक असे लाव्हाचे थर साचत गेले. आजही त्यांनी सुमारे पाच लाख चौ.कि.मी. प्रदेश व्यापलेला आहे. यालाच आपण दख्खन ट्रॅप म्हणतो. 'ट्रॅप' हा शब्दही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे.

प्रत्येक थर सारखा नसतो. काही थर घट्ट, काळे आणि कठीण असतात. थंड होताना आकुंचन पावल्यामुळे त्यांना उभ्या भेगा पडतात आणि ते कड्याच्या रूपाने टिकून राहतात. दुसऱ्या प्रकारच्या थरांत लाव्हातील वायूंचे बुडबुडे अडकून राहिल्याने पोकळ्या असतात. पुढे त्या पोकळ्यांत पांढरी खनिजे भरली गेली. विहिरी खणणारे लोक अशा खडकाला मांजऱ्या म्हणतात. तो लवकर झिजतो, त्याचा मुरूम होतो आणि तिथे सपाटी तयार होते. म्हणजे कडा आला की घट्ट बेसाल्ट, सपाटी आली की मांजऱ्या, हा ठोकताळा पुष्कळदा बरोबर येतो.

दोन थरांच्या मध्ये कधीकधी विटकरी रंगाचा मातकट पट्टा दिसतो. एक थर साचल्यावर दुसरा येईपर्यंत बराच काळ गेला असेल, तर पहिल्याचा पृष्ठभाग ऊन-पावसाने झिजून माती होते. नंतर वरून आलेला तप्त लाव्हा ती माती भाजून काढतो. भूवैज्ञानिक या थराला रेड बोल म्हणतात. हा लाल थर चिकणमातीसारखा असल्याने त्यातून पाणी सहजासहजी खाली जात नाही. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

असा थरांचा जाड ढीग दोन्ही बाजूंनी ओढे कोरत गेले की मधे जे उरते ती धार. धार हे उरलेले असते, उभारलेले नसते. हे मुलांना पटायला जरा वेळ लागतो. त्यांना वाटते, डोंगर खालून वर आला. ब्रह्मगिरीवर उभे राहून अंजनेरीकडे आणि हरिहरकडे पाहायला सांगावे. त्यांच्या कड्यांचे टप्पे आपल्या टप्प्यांशी जुळतात असे दिसते. एके काळी हे सारे थर सलग होते आणि मधले सारे दगड पाण्याने वाहून नेले, ही कल्पना तिथे उभे राहिल्यावरच पचते.

दुर्गभांडारचा चिंचोळा पूल मात्र वेगळा विचार मागतो. खोदीव पायऱ्यांच्या अरुंद बोगद्यासारख्या जिन्याने खाली उतरायचे, बुटक्या दारातून वाकून बाहेर यायचे, की समोर दोन्हीकडे दरी असलेली कातळाची भिंत येते. डोंगरात भटकणारे मित्र तिला सरसकट 'डाइक' म्हणतात. डाइक म्हणजे जुन्या थरांना उभी भेग पडून तिच्यात घुसलेला व तिथेच गोठलेला लाव्हा. तो आजूबाजूच्या खडकापेक्षा कठीण असला तर भिंतीसारखा उरतो. पण दोन्ही बाजूंनी दऱ्या कोरल्या जाऊन साधे आडवे थरही अशी भिंत होऊ शकतात. दोहोंतला फरक ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. लाव्हा थंड होताना पडणाऱ्या भेगा नेहमी थंड होणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोनात असतात. आडव्या थराचा पृष्ठभाग आडवा, म्हणून त्यातील खांब उभे. डाइकच्या बाजू उभ्या, म्हणून त्यातील खांब आडवे, लाकडे रचून ठेवल्यासारखे. शिवाय आडवे थर भिंतीतून सलग जातात की तिच्याशी येऊन तुटतात, हेही पाहावे. पुलाविषयीचे उत्तर मी इथे देत नाही. आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन जावे आणि खांब कसे आहेत ते त्यांनाच पाहू द्यावे.

त्या दिवशी आम्हांला मात्र ते पाहता आले नाही. साडेबाराच्या सुमारास पश्चिमेला ढग फुलकोबीसारखे वाढू लागले. परतीच्या पावसाच्या दिवसांत दुपारी असे होतेच. पुलाकडे जाण्याच्या जिन्याजवळ पोचलो तेव्हा लांबवर वीज चमकली. मुलांना सेकंद मोजायला सांगितले. गडगडाट चाळीस सेकंदांनी आला. आवाज एक कि.मी. जायला सुमारे तीन सेकंद घेतो, म्हणजे वीज तेरा कि.मी. वर होती. पुढची वीज पंचवीस सेकंदांवर, म्हणजे सुमारे आठ कि.मी. वर. तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला की उघड्यावर थांबू नये असा जगभर पाळला जाणारा नियम आहे. डोंगराची धार ही तर सर्वांत वाईट जागा. भोवतालात उंच असे तिथे आपणच असतो. मुले हिरमुसली. एका शिक्षकांनी "दहा मिनिटांचे तर काम आहे" असे सुचवूनही पाहिले. पण बत्तीस मुले त्या बोगद्यातून एकेक करून जाऊन परत येईपर्यंत दहा नव्हे, पन्नास मिनिटे लागली असती. आम्ही मागे फिरलो. माथ्यावरच्या उघड्या भागातून खाली उतरेपर्यंत पाऊस सुरू झालाच.

दोन नद्या, दोन उतार

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ब्रह्मगिरीच्या पूर्वेचे पाणी गोदावरीला मिळते, नैर्ऋत्येकडचे वैतरणेला. दोन्ही नद्यांचे उगम एकमेकींपासून काही कि.मी. वर आहेत. वैतरणा सुमारे दीडशे कि.मी. वाहून अरबी समुद्राला मिळते. गोदावरी १,४६५ कि.मी. वाहत आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला पोचते. दोन्ही नद्या ढोबळमानाने हजार मीटरवरून निघतात असे धरले, तर गोदावरी दर कि.मी.ला सरासरी ७० सें.मी.सुद्धा उतरत नाही आणि वैतरणा साडेसहा मीटरांहून अधिक उतरते. उतार जवळजवळ दसपट.

ब्रह्मगिरीपासून सरळ पश्चिमेला अरबी समुद्र ९० कि.मी.च्या आत आहे. मग एवढा जवळचा समुद्र सोडून गोदावरी उलट्या दिशेला का जाते? भारताचा पश्चिम किनारा खंड फुटून तयार झालेला आहे. ती फाटलेली कड उचलली गेली आणि पठार पूर्वेकडे कलले. घराचे छप्पर एका बाजूला आखूड व उभे आणि दुसऱ्या बाजूला लांब व पसरट असावे, तसे हे झाले. या छपराचा आढा म्हणजे सह्याद्रीची धार. तिलाच भूगोलाच्या पुस्तकात जलविभाजक म्हणतात.

हा आढा मात्र स्थिर नाही. उभ्या उताराच्या नद्या जोराने कोरतात आणि आपल्या उगमाकडे मागे मागे सरकतात. पश्चिमेच्या नद्या अशा रीतीने पूर्वेच्या नद्यांचा प्रदेश कुरतडत आहेत. कधी एखादी नदी दुसरीचे डोके तोडून तिचे पाणी आपल्याकडे वळवते. भूगोलात याला नदीचौर्य म्हणतात. मुलांना हा शब्द फार आवडतो. भूवैज्ञानिक काळाच्या मानाने बोलायचे, तर गोदावरीच्या उगमाची जागा वैतरणेच्या हातात जाणे अशक्य नाही. अर्थात ही घाई लाखो वर्षांची आहे.

माणसांना तेवढी वाट पाहायची नसते. वैतरणेवर १९५७ मध्ये मोडकसागर आणि १९७३ मध्ये अप्पर वैतरणा ही धरणे झाली, पुढे २०१४ मध्ये मध्य वैतरणाही आले. अप्पर वैतरणाचा जलाशय ब्रह्मगिरीच्या माथ्यावरून दक्षिणेला चमकताना दिसतो. हे पाणी मुंबईच्या नळांना जाते. पूर्वेला पडलेला थेंब गंगापूर धरणात अडला तर नाशिकच्या नळाला येतो, सुटला तर १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या पैठणच्या जायकवाडीत जाऊन मराठवाड्याला मिळतो. खोऱ्यातील पाण्याचे समन्यायी वाटप व्हावे अशी तरतूद २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात आहे. तिच्यावरून नाशिक, अहिल्यानगर आणि मराठवाडा यांच्यात दुष्काळी वर्षी काय होते, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला ठाऊक आहे. म्हणजे 'कोणता समुद्र' याऐवजी 'कोणाचा नळ' असे विचारणे अधिक नेमके झाले असते. माझ्या उत्तरातली ही पहिली उणीव. ब्रह्मगिरीवर पडलेल्या पुष्कळशा थेंबांना आता कोणताच समुद्र दिसत नाही.

माझी दुसरी चूक

दुसरी चूक अधिक साधी होती. ऑक्टोबरातल्या त्या उन्हात तापलेल्या कातळावर फेकलेले वाटीभर पाणी कुठेही वाहत गेले नसणार. अर्ध्या तासात त्याची वाफ झाली. ती वाफ दुपारच्या ढगात मिसळून आमच्याच अंगावर पडली असे म्हणायचा मोह होतो, पण ते काही सिद्ध करता येणार नाही.

पावसाळ्यातली गोष्ट वेगळी. समुद्रावरून येणारी दमट हवा सह्याद्रीला धडकून वर चढते, थंड होते आणि पाणी सोडते. इगतपुरीला वर्षाला ३,००० मि.मी.हून जास्त पाऊस पडतो, त्र्यंबकला २,००० च्या आसपास, तर २८ कि.मी. वरच्या नाशिक शहरात सुमारे ७००. त्याहून पूर्वेला सिन्नरकडे आणखी कमी. धार ओलांडली की हवा खाली उतरते, तापते आणि पाऊस आटतो. वर्गात पर्जन्यछायेचा धडा शिकवताना आल्प्सचे किंवा अँडीजचे उदाहरण कशाला घ्यावे, हे मला कळत नाही. नाशिक-त्र्यंबक एस.टी.च्या खिडकीतून जुलैत तो धडा दिसतो.

आता एक हिशोब पाहा. २,००० मि.मी. पाऊस एक चौ.कि.मी. वर पडला तर ते पाणी २० लाख घनमीटर, म्हणजे २०० कोटी लिटर होते. माणशी रोज ४० लिटर धरले तर एक लाख सदतीस हजार माणसांना वर्षभर पुरेल इतके. आणि तरीही त्र्यंबक तालुक्यातल्या अनेक पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत बायका हंडा घेऊन दरी उतरतात, टँकरची वाट पाहतात. चार महिने पाण्यात बुडालेल्या डोंगरावर आठ महिन्यांनी प्यायला पाणी नाही. हे कोडे सोडवायचे तर थेंबाच्या तिसऱ्या वाटेकडे पाहायला हवे. माझी तिसरी चूकही तिथेच आहे.

डोंगराच्या पोटातली वाट

जमिनीवरून वाहणारे पाणी उताराकडे जाते. त्याचा जलविभाजक नकाशावर पेन्सिलीने काढता येतो. पण जे पाणी मुरते ते डोंगराचा बाहेरचा उतार पाहत नाही. ते भेगांतून खाली जाते, मांजऱ्या थरात साठते, लाल थर लागला की अडते आणि त्या थराचा कल जिकडे असेल तिकडे सरकते. जिथे तो थर डोंगराच्या कडेला उघडा पडतो तिथे झरा फुटतो. म्हणून धारेच्या पश्चिमेला मुरलेला थेंब पूर्वेच्या झऱ्यात बाहेर येऊ शकतो आणि उलटही. जमिनीवरची धार आणि जमिनीखालची धार एकाच रेषेत असलीच पाहिजेत असे नाही. मुलीने पाणी 'या बाजूला' फेकले होते, एवढ्यावरून मी त्याला अरबी समुद्राचे तिकीट काढून दिले, ते घाईचे होते.

गौतम ऋषींच्या कथेत गोदावरी ब्रह्मगिरीवर प्रकट होते, गुप्त होते, खाली गंगाद्वाराला पुन्हा दिसते, पुन्हा नाहीशी होते आणि अखेर त्र्यंबक गावात ऋषी तिला कुश गवताने अडवतात. ते कुशावर्त. कथेचा धार्मिक अर्थ ज्याने त्याने घ्यावा. मला मात्र तिच्यामागे कोणाचे तरी डोळस निरीक्षण दिसते. सच्छिद्र थरांच्या डोंगरात पाणी असेच एका पातळीला दिसते, गडप होते आणि खालच्या पातळीला पुन्हा दिसते. गडकिल्ले बांधणाऱ्यांनाही हे कळत होते. माथ्यावरील खोदीव टाकी त्यांनी पाणी धरून ठेवणाऱ्या घट्ट कातळात खोदली, सच्छिद्र थरात खोदली असती तर ती दिवाळीपर्यंतही टिकली नसती.

झरा मे महिन्यापर्यंत चालेल की जानेवारीत आटेल, हे वर किती पाणी मुरले आणि आत किती साठले यावर ठरते. माथ्यावरचे गवत, कारवीची झुडपे, मुरमाची सपाटी ही सारी मुरण्याची साधने आहेत. पावसाचा थेंब उघड्या जमिनीवर आपटला तर माती उडवून पळतो, पाल्यावर पडला तर थांबत थांबत आत जातो. कारवी दर सातआठ वर्षांनी एकदाच फुलते म्हणून तिची छायाचित्रे छापून येतात, पण उतारावरची माती ती दरवर्षी धरून ठेवते याची बातमी होत नाही. शेजारच्या अंजनेरीवरून सेरोपेजिया अंजनेरिका या कंदीलपुष्पाच्या जातीचे वर्णन २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. एवढ्या तुडवलेल्या डोंगरावर एकविसाव्या शतकात नवी वनस्पती सापडते, यावरून आपण हे माथे किती कमी पाहिले आहेत ते कळते.

डोंगराचा पायथा फोडला तर काय बिघडते, असे पुष्कळदा विचारले जाते. माथा तर शाबूत आहे ना! २०२१ मध्ये ब्रह्मगिरीच्या परिसरातील डोंगर फोडण्याविरुद्ध नाशिककरांनी आवाज उठवला तेव्हाही हा प्रश्न निघाला होता. उत्तर वरच्या थरांत आहे. मांजऱ्या आणि मुरूम यांची पट्टी कापली की तिच्यातून सावकाश झिरपणारे पाणी कापलेल्या तोंडातून एकदम निघून जाते. खालच्या पाड्याचा झरा आटतो आणि कोणाला कारण कळत नाही, कारण खोदकाम झऱ्यापासून दूर असते. दुसरे असे की उतारावरचा मुरूम आणि माती खालच्या आधारावर टेकलेली असते. आधार काढला आणि वर अतिवृष्टी झाली, तर पाण्याने जड व निसरडा झालेला थर कातळावरून सुटतो. ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातील माळीण गाव असेच गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड आली. प्रत्येक ठिकाणची कारणे वेगळी, तिथे सगळीकडे खोदकाम होते असे मुळीच नाही. पण तीव्र उतार, झिजलेला थर आणि थोड्या वेळात पडलेला प्रचंड पाऊस हे त्रिकूट सह्याद्रीत सर्वत्र आहे. त्यात चौथी गोष्ट आपण घालावी की नाही एवढेच आपल्या हातात असते. २०१५ नंतरच्या २०२६-२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने रस्ते आणि इमारतींची जी कामे निघतात, ती या नजरेने पाहिली पाहिजेत.

झरा कुठले पाणी देतो हे शोधण्याच्या रीती आहेत. वर निरुपद्रवी रंगद्रव्य सोडून खाली ते केव्हा व कुठे उमटते हे पाहतात, किंवा पाण्यातील ऑक्सिजनच्या जड समस्थानिकाचे प्रमाण मोजून ते साधारण किती उंचीवर पडले याचा अंदाज बांधतात. ही प्रयोगशाळेची कामे झाली. शाळेला करता येण्यासारखे काम त्याहून सोपे आणि माझ्या मते अधिक मोलाचे आहे : बादली आणि घड्याळ. दहा लिटरची बादली चाळीस सेकंदांत भरली तर झरा मिनिटाला १५ लिटर, दिवसाला २१,६०० लिटर देतो. माणशी ४० लिटरप्रमाणे ५४० माणसांचे पाणी झाले. तीच बादली भरायला वीस मिनिटे लागली तर दिवसाला ७२० लिटर, अठरा माणसांचे. महिन्यातून एकदा, ऑक्टोबर ते मे, अशा आठ नोंदी आलेखावर मांडल्या की डोंगराच्या पोटातले भांडार किती मोठे आहे ते रेषेच्या उतारावरून कळते. रेष सावकाश उतरली तर भांडार मोठे, कोसळली तर लहान. पाच वर्षे हे केले तर डोंगरावरील बदलाचा परिणाम आकड्यांत दिसू लागेल. असे आकडे पाड्यापाड्याचे असायला हवेत आणि शिक्षक व विद्यार्थी यांच्याइतके ते सहज कोणी मिळवू शकणार नाही.

पावसात भिजत आम्ही उतरलो आणि पायथ्याजवळच्या एका पाड्यावर थांबलो. तिथे कातळातून पडणाऱ्या धारेखाली मुलांनी लगेच बादली लावली. डबा विसळणारी मुलगी घड्याळ धरून उभी राहिली. पाण्याला आलेली एक आजी बराच वेळ हा खेळ पाहत होती. मग म्हणाली, "आत्ता मोजून काय करता, मास्तर? आत्ता सगळीकडं पाणी हाये. होळी झाली का या."

मार्चमध्ये पुन्हा जायचे ठरले आहे. बादली तीच न्यायची, असे मुलांनी बजावून ठेवले आहे.